विश्वास ठेवावासा वाटणारा चेहरा

रमेश देव यांचे २ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांनी त्र्याण्णव वर्षे नुकतीच पूर्ण केली होती. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात दोन गोष्टी सतत येत राहिल्या : मराठी पडद्यावरचा देखणा नायक, आणि सीमा देव यांच्याबरोबरची त्यांची जोडी. हिंदीतल्या कामाचा उल्लेख झाला तो बहुतेक ‘आनंद’पुरता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि प्रेमाने सांगितल्या गेल्या, यात शंका नाही. पण साठ वर्षांहून अधिक काळ कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या नटाचा हिशेब देखणेपण आणि दांपत्यजीवन एवढ्यावर संपत असेल, तर नटाविषयी बोलण्याची आपली पद्धतच कुठेतरी अपुरी आहे असे म्हणावे लागते. पुढच्या पानांत रमेश देव यांच्या आयुष्याचा आणि कारकिर्दीचा जो आढावा आला आहे, तो वाचताना एक सूत्र हाताशी असावे म्हणून ही प्रस्तावना. माझे म्हणणे असे की, नायक म्हणून रमेश देव जेवढे महत्त्वाचे, त्याहून अधिक महत्त्वाचे ते स्वातंत्र्यानंतरच्या शिकलेल्या, शहरी, पांढरपेशा पुरुषाचा पडद्यावरचा चेहरा म्हणून आहेत. हा पुरुष नीटनेटका, गोड बोलणारा, पाहताक्षणी विश्वास ठेवावा असा. त्या विश्वासाला तो पात्र आहे का, हा प्रश्न त्यांच्या चांगल्या भूमिकांमध्ये वेगवेगळ्या रूपांत येतो, आणि त्याचे उत्तर दर वेळी निराळे मिळते.

आधी कोल्हापूरविषयी. देव यांचे घराणे मूळचे राजस्थानातले, पण रमेश देव घडले ते कोल्हापूरच्या वातावरणात. वडील न्यायाधीश. जन्म ३० जानेवारी १९२९ चा, म्हणजे याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली त्या वर्षीचा. त्याआधी दहा-बारा वर्षे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली होती, ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ यांसारखे मूकपट इथे तयार झाले होते. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, तरी कोल्हापूरचे चित्रपटाशी असलेले नाते तुटले नाही. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन, पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ असा हा सिलसिला चालू राहिला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा पेटवला गेला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. या शहरातल्या मुलाला सिनेमा ही दूरच्या मुंबईतली अद्भुत गोष्ट वाटण्याचे कारण नव्हते. गल्लीतला कुणी रंगवाला, कुणी सुतार, कुणी घोडेस्वार स्टुडिओत कामाला जात असे. चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे हे बंधू, खडकलाटहून आलेल्या सुलोचनाबाई, शंकरराव सरनाईकांच्या संगीत घराण्यातला अरुण सरनाईक अशी कितीतरी माणसे या हवेत नट म्हणून वाढली. नटाचा पेशा हा कसब शिकून, रोज हजेरी लावून करायचा पेशा आहे, ही समज कोल्हापूरने आपल्या नटांना दिली. रमेश देव यांच्या कारकिर्दीकडे पाहताना ही समज विसरून चालणार नाही.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो कोल्हापूरकरच घेतील. चंद्रकांत, सूर्यकांत यांना कोल्हापूरचे नट म्हटले तर लगेच पटते. फेटा, ढाल-तलवार, शिवकाळ, तमाशाचा फड, रांगडी बोली हे सगळे त्यांच्या पडद्यावरच्या रूपात आहे. रमेश देव यांच्यात यातले काय आहे? १९५९ मध्ये अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला आणि ग्रामीण-तमाशाप्रधान चित्रपटाची लाट आली, तेव्हा या लाटेचे चेहरे दुसरेच होते. रमेश देव यांचे नाव जोडले गेले ते राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या चित्रपटांशी, म्हणजे पुण्याच्या मध्यमवर्गीय कौटुंबिक परंपरेशी. वस्तुस्थिती म्हणून हे बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. कोल्हापूर म्हणजे केवळ तालीम, तांबडा-पांढरा रस्सा आणि लवंगी मिरची, हे चित्र सिनेमानेच पुढे फार रुजवले. शाहू छत्रपतींच्या काळापासून या संस्थानात शिक्षण, वसतिगृहे, न्यायालये, दरबारची खाती यांतून एक सुशिक्षित नोकरदार वर्ग तयार झाला होता, आणि त्यात अनेक जातींचे, अनेक प्रांतांतून आलेले लोक होते. न्यायाधीशाच्या घरातला, राजस्थानी मुळांचा, अस्खलित मराठी बोलणारा हा तरुण त्या कोल्हापूरचा प्रतिनिधी आहे. पडद्यावर ते कोल्हापूर फारसे आले नाही. म्हणून रमेश देव यांना कोल्हापूरबाहेरचे ठरवणे म्हणजे या शहराचा अर्धा भाग आपल्याच हातांनी पुसून टाकणे होय.

‘पाटलाचं पोर’ या १९५१ च्या चित्रपटात ते ओझरते दिसले, पण नट म्हणून त्यांची खरी सुरुवात झाली ती राजा परांजपे यांच्या ‘आंधळा मागतो एक डोळा’ या १९५६ च्या चित्रपटाने. आणि ही सुरुवात खलनायकाच्या भूमिकेने झाली. पुढे ज्याला देखणा नायक म्हणून ओळखले जाणार, त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली ती दुष्ट माणसाची. याकडे केवळ योगायोग म्हणून पाहिले जाते. नवा नट, जे मिळाले ते केले, असे. मला यात राजाभाऊंची दिग्दर्शक म्हणून असलेली नजर दिसते. तोवरचा आपला खलनायक दिसताक्षणी ओळखू यायचा. भुवया, मिशा, आवाजाची चढण, सगळे त्याच्या वाईटपणाची आगाऊ वर्दी देत असत. गोऱ्यागोमट्या, हसऱ्या, सुशिक्षित दिसणाऱ्या तरुणाकडे ही भूमिका सोपवली की प्रेक्षकाची तयारी मोडते. वाईटपणा बाहेरच्या कुणा राक्षसात नसून आपल्यासारख्याच दिसणाऱ्या माणसात असू शकतो, असे त्याला कबूल करावे लागते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटाला अशाच खलनायकाची गरज होती, कारण त्या घरांना खरा धोका दरोडेखोरांचा नव्हता. तो जावयाचा, मुलाचा, भागीदाराचा, ओळखीच्या माणसाचा होता. रमेश देव यांच्या चेहऱ्यातली ही शक्यता पहिल्याच मोठ्या भूमिकेत हेरली गेली आणि ती नंतर कधीच पूर्णपणे मावळली नाही.

साठच्या दशकात ते नायक झाले. ‘सुवासिनी’, ‘वरदक्षिणा’, ‘मोलकरीण’, ‘अपराध’ ही त्या काळातली ठळक नावे. यातल्या गाण्यांनी त्यांचा चेहरा घराघरांत पोचवला, आणि ‘अपराध’मधले एन. दत्ता यांच्या चालीवर महेंद्र कपूर यांनी गायलेले गाणे आजही त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. १९६३ मध्ये सीमाताईंशी त्यांचा विवाह झाला आणि पडद्यावरची जोडी प्रत्यक्षातही जोडी झाली. या टप्प्यावर जाता जाता एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. सीमा देव या स्वतंत्र कुवतीच्या अभिनेत्री होत्या. ‘जगाच्या पाठीवर’मधली अंध मुलगी हे १९६० च्या मराठी सिनेमातले अव्वल दर्जाचे काम आहे, आणि त्याला कुणाच्या जोडीच्या आधाराची गरज नाही. ‘जोडी’ या कल्पनेने दोघांचेही थोडे नुकसान केले. त्यांच्यातला अभिनय मागे पडला आणि संसार पुढे आला. सीमाताई २४ ऑगस्ट २०२३ रोजी गेल्या, आणि त्यांच्यावर लिहिताना तरी हा दोष टाळला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता ‘मोलकरीण’ पाहा. १९६३ च्या या चित्रपटात सुलोचनाबाईंची आई स्वतःच्या मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते. हा चित्रपट लोकांनी आईसाठी पाहिला, तिच्यासाठी रडले, आणि ते योग्यच होते. पण आईचे दुःख ज्याच्यामुळे उभे राहते तो मुलगा जर सरळसरळ नालायक वाटला असता, तर कथा एका प्रवेशात संपली असती. प्रेक्षकाला तो मुलगा समजून घ्यावासा वाटला पाहिजे. शिक्षणाने, शहराने, नव्या घराने त्याला कसे दूर नेले हे कळले पाहिजे. आणि तरीही त्याचा राग आला पाहिजे. रमेश देव यांनी हा तोल सांभाळला म्हणून सुलोचनाबाईंची भूमिका एवढी उंच झाली. समोरच्या नटाला उंची देणारे हे काम पोस्टरवर दिसत नाही. समीक्षेतही त्याला जागा नसते, कारण आपली समीक्षा एका चित्रपटात एकाच माणसाचा अभिनय पाहते. खेड्यातून पोराला शिकवून शहरात पाठवणारी हजारो कुटुंबे त्या वर्षांत कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे होती, आणि त्या पोरांना सिनेमात पहिल्यांदा आपलाच चेहरा, काहीसा अडचणीत टाकणारा, दिसला असेल तर तो या नटाच्या रूपात.

१९६२ मध्ये फणी मजुमदार यांच्या ‘आरती’तून ते हिंदीत आले. राजश्री पिक्चर्सचा निर्मितीतला तो पहिला चित्रपट. त्यानंतर ‘सरस्वतीचंद्र’, ‘शिकार’, ‘खिलौना’, ‘जीवन मृत्यु’ असे चित्रपट एकामागून एक येत गेले. मराठीतला नायक हिंदीत भाऊ, मित्र, नवरा, खलनायक अशा दुय्यम भूमिकांत वावरू लागला. त्यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे : आपल्या घरी मालक असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी दिवाणखान्याच्या दाराशी का उभा राहिला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या काळच्या मराठी चित्रपटधंद्याकडे पाहावे. वर्षाकाठी चित्रपट मोजके, चित्रपटगृहे मुंबईत हिंदीने व्यापलेली, निर्माता एका चित्रपटातला तोटा भरून काढायला दुसरा काढणार आणि बहुधा त्यातही बुडणार. मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा देण्याची राज्य सरकारची योजना आली तीच १९७५ मध्ये, म्हणजे या नटाच्या उमेदीची वीस वर्षे सरल्यावर. अशा धंद्यात केवळ नायक म्हणून घर चालवणे कुणालाही कठीण होते. जे हिंदीत गेले नाहीत त्यांनी नाटकांचे दौरे केले, रात्री-रात्री गाड्यांतून प्रवास केले. त्या वाटेचीही किंमत होती. अरुण सरनाईक १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले, ही जखम कोल्हापूर अजून विसरलेले नाही.

मोठ्या भाषेच्या सिनेमाशेजारी राहणाऱ्या लहान सिनेमाचे हे दुखणे केवळ आपले नाही. मेक्सिकोत १९४० च्या दशकात चित्रपटांचा मोठा बहर होता. एमिलिओ फर्नांदेस यांच्या ‘मारिया कांदेलारिया’ला १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला. त्या चित्रपटाचा नायक पेद्रो आर्मेंदारिस मायदेशात पहिल्या रांगेतला नट होता. तोच पुढे हॉलिवूडमध्ये जॉन फोर्डच्या ‘फोर्ट अपाची’ आणि ‘थ्री गॉडफादर्स’मध्ये जॉन वेनच्या बरोबरीने, पण त्याच्या मागे, दिसतो. १९६३ च्या जेम्स बाँडपटात तो नायकाचा तुर्की मित्र आहे, आणि ही त्याची शेवटची भूमिका. कुणी म्हणेल, हा ऱ्हास आहे. मी म्हणेन, त्या बाँडपटात जितका वेळ आर्मेंदारिस पडद्यावर आहे तितका वेळ चित्रपटात माणसाची ऊब आहे. परंतु रमेश देव यांची गोष्ट एका बाबतीत त्याच्याहून वेगळी आणि अधिक बोलकी आहे. हॉलिवूडने मेक्सिकन नटाला बहुधा परका म्हणूनच उभे केले. हिंदी सिनेमाने रमेश देव यांना परका म्हणून वापरले नाही. मुंबई शहराचा रहिवासी म्हणून, कुलकर्णी म्हणून, शेजारी म्हणून वापरले. म्हणजे मराठी सिनेमात त्यांनी घडवलेला पांढरपेशा पुरुष हिंदीत जसाच्या तसा कामाला आला.

याचा पुरावा १९७१ या एकाच वर्षात सापडतो, आणि मला तो निर्णायक वाटतो. त्या वर्षी हृषिकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ आला आणि गुलजार यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘मेरे अपने’ आला. ‘आनंद’मध्ये रमेश देव डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आहेत. स्वतःचे इस्पितळ, सुखी संसार, श्रीमंतांच्या काल्पनिक आजारांवर औषध देऊन पैसे घेणारा डॉक्टर. अमिताभ बच्चन यांचा भास्कर आदर्शवादी आहे, त्याला हे खटकते. प्रकाशचे उत्तर साधे आहे : श्रीमंतांकडून मिळणाऱ्या पैशावर गरिबांचे उपचार चालतात. चित्रपटाच्या आरंभी आपण भास्करच्या बाजूचे असतो. हळूहळू लक्षात येते की व्यवहार सांभाळून चांगले राहणारा हा माणूसही तितकाच मोलाचा आहे, कदाचित जास्त टिकणारा. मरणाच्या दारात उभा असलेला आनंद ज्या घरात आपलेपणाने वावरतो ते घर प्रकाश आणि सुमनचे आहे. सुमन म्हणजे सीमा देव. इस्पितळात मेट्रन डिसा म्हणून ललिता पवार आहेत, आणि दुर्गा खोटेही या चित्रपटात आहेत. राजेश खन्ना आणि अमिताभ यांची जुगलबंदी सगळ्यांना पाठ आहे. मराठी रंगभूमी-चित्रपटांतून आलेल्या या चार कलावंतांनी तिला पायाखालची जमीन दिली, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

आणि त्याच वर्षीच्या ‘मेरे अपने’मध्ये पाहा. तपन सिन्हा यांच्या ‘आपनजन’ या बंगाली चित्रपटावरून केलेला हा चित्रपट. रमेश देव यांचा अरुण खेड्यात एकाकी राहणाऱ्या म्हातारीकडे, म्हणजे मीनाकुमारीकडे, दूरचा नातेवाईक म्हणून येतो, गोड बोलतो, तिला शहरात आपल्या घरी घेऊन जातो. म्हातारीला वाटते, कुणीतरी आपले मिळाले. नवराबायको दोघेही नोकरीवर, घरी लहान मूल; त्यांना हवी होती ती बिनपगारी मोलकरीण. अरुण ना मारतो, ना ओरडून बोलतो, ना कट रचतो. तो केवळ सोय पाहतो, आणि नात्याचे नाव घेऊन पाहतो. त्यामुळेच तो चित्रपटातल्या, रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्या पोरांपेक्षा अधिक भीतिदायक वाटतो, आणि गुलजार यांना तेच सांगायचे आहे. आता हे दोन चित्रपट शेजारी ठेवा. वेश तोच, भाषा तीच, चेहरा तोच, बोलण्यातला गोडवा तोच. एकाच्या घरात परका माणूस आपला होतो, दुसऱ्याच्या घरात आपले म्हणून आणलेले माणूस नोकर होते. दोन्ही माणसे तितकीच खरी वाटतात, कारण नट दोन्हीकडे प्रेक्षकाला आगाऊ इशारा देत नाही. चांगुलपणाचे प्रदर्शन नाही, स्वार्थाचेही नाही. ‘मोलकरीण’पासून ‘मेरे अपने’पर्यंतच्या आठ वर्षांत एका सुशिक्षित पुरुषाचा म्हातारीशी असलेला व्यवहार हा विषय या नटाकडे फिरून आला, हेही ध्यानात घ्यावे. ‘सरस्वतीचंद्र’मध्ये नूतनचा व्यसनी, बेफिकीर नवरा प्रमाद त्यांनी केला, तो याच माणसाचा आणखी एक अवतार : घरंदाज, रूपवान, आणि आतून पोकळ.

यावर असे म्हणता येईल की यात नटाचे काय? चेहरा निसर्गाने दिला, भूमिका दिग्दर्शकांनी वाटल्या, लेखकांनी लिहिल्या. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. राजा परांजपे, हृषिकेश मुखर्जी आणि गुलजार यांनी या चेहऱ्याचा अर्थ ओळखला, हे श्रेय त्यांचेच. पण त्याच काळात देखणे चेहरे पुष्कळ होते आणि त्यांतले बहुतेक खलभूमिकेत गेले की ओरडू लागत, सज्जनाच्या भूमिकेत गेले की डोळे पाणावू लागत. हात राखून काम करणे, कॅमेऱ्याला आपल्याकडे न खेचता समोरच्या नटाकडे जाऊ देणे, ही शिस्त निसर्ग देत नाही. दिग्दर्शकही ती सेटवर शिकवू शकत नाही. ज्याला आपण नायक आहोत याचा विसर पडू शकतो त्यालाच ती जमते, आणि मराठीत नायक असलेल्या नटाला हे जमले, ही मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आणखी एक आक्षेप अधिक अवघड आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अरुण सरनाईकांना ‘सिंहासन’ मिळाला. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या त्या चित्रपटातला मुख्यमंत्री ही एक भूमिकाच त्यांना मराठी चित्रपटाच्या इतिहासात पक्की जागा देऊन जाते. रमेश देव यांच्या नावावर अशी, एकटीने सगळे सांगणारी, भूमिका नाही. सत्तरच्या दशकात मराठी चित्रपट नवे वळण घेत होता, तेव्हा ते बहुतांशी हिंदीत गुंतले होते. नव्या दिग्दर्शकांनी त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. गोड बोलणारा मध्यमवर्गीय पुरुष हा त्या दिग्दर्शकांचाही विषय होता, त्यामुळे ही चुकामूक अधिकच खटकते. तसेच त्यांनी केलेल्या कामाचा मोठा भाग सामान्य चित्रपटांत आहे, हेही लपवण्यासारखे नाही. त्यांच्या चित्रपटांचे, जाहिरातपटांचे शेकड्यांत मोजलेले आकडे सगळीकडे छापले गेले आहेत. त्या आकड्यांनी दबून जाऊ नये अशी वाचकांना विनंती आहे. शंभर चित्रपटांतून दहा चांगल्या भूमिका निवडून त्यांवर बोलणे हेच नटाला न्याय देणारे आहे; यादी वाढवत नेल्याने त्याची उंची वाढत नाही.

उत्तरार्धाबद्दल थोडक्यात. जाहिरातपट, मालिका, निर्मिती, दिग्दर्शन अशी अनेक कामे त्यांनी केली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९९९ मध्ये खासगी मराठी वाहिनी आली, तेव्हा छोट्या पडद्याला कमी लेखणाऱ्यांपैकी ते नव्हते. राजदत्त दिग्दर्शित ‘सर्जा’ आणि २००७ चा ‘वासुदेव बळवंत फडके’ हे चित्रपट देव कुटुंबाने काढले, दोन्हींत मुलगा अजिंक्य नायक; दुसरा मुलगा अभिनय दिग्दर्शक झाला. १९९६ मध्ये शिवसेनेच्या उमेदवारीवर कोल्हापुरातून ते लोकसभेला उभे राहिले आणि पराभूत झाले. कोल्हापूरकरांनी नटाला डोक्यावर घेतले, पण मत देताना वेगळा विचार केला. यात नटाचा अपमान शोधण्याचे कारण नाही. ते शहराच्या जाणतेपणाचे लक्षण आहे.

मात्र एका उत्तरकालीन भूमिकेपाशी थांबायलाच हवे. २०१३ च्या ‘जॉली एलएलबी’मध्ये ते कौलसाहेब आहेत, न्यायालयाच्या आवारात कँटीन चालवणारे वृद्ध गृहस्थ. तरुण वकील पैसे घेऊन प्रकरण मिटवायला निघतो तेव्हा त्याला लाज वाटावी असा एकच माणूस या चित्रपटात आहे, आणि तो हा. न्यायाधीशाच्या मुलाने वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्यायालयाच्या दारातला सामान्य माणूस व्हावे, एवढाच योगायोग नाही. छप्पन्न साली ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये असे प्रेक्षकाला शिकवले गेले, मध्ये ज्याने अनेकदा फसवले, तोच चेहरा शेवटी दुसऱ्याच्या सचोटीची परीक्षा घेणारा झाला. प्रसंग मोजकेच आहेत, पण ती भूमिका वगळली तर जॉलीच्या मनातला बदल पटत नाही. दुय्यम भूमिका म्हणजे काय हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी तेवढे प्रसंग पाहावेत.

या पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम जन्मापासून निधनापर्यंत असला तरी वाचकांनी तो तसाच पाळावा असा आग्रह नाही. आधी ‘आनंद’ आणि ‘मेरे अपने’ लागोपाठ पाहावेत, मग ‘मोलकरीण’, आणि त्यानंतर बालपणाच्या प्रकरणाकडे यावे, अशी माझी सूचना आहे. एक मागणीही आहे. बाबूराव पेंटर यांचे मूकपट जवळजवळ सगळे नष्ट झाले. पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक मराठी बोलपटांच्या चांगल्या प्रती मिळणेही आज कठीण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून पुष्कळ वाचवले, पण चित्रपटांच्या पुस्तिका, स्थिरचित्रे, करारपत्रे, स्टुडिओच्या हजेरीवह्या अजूनही घराघरांत पडून आहेत. कोल्हापुरात ज्यांचे वडील, आजोबा जयप्रभा किंवा शालिनीत कामाला होते, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात, आणि जे सापडेल ते रद्दीत न घालता या संग्रहालयाकडे किंवा शहरातल्याच चित्रपट महामंडळाकडे नोंदवावे.